साकीनाक्याहून माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांस

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, मुंबई उपनगर जिल्हा, यांच्या सेवेशी,



साकीनाका हे नाव मुंबईकरांस घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचे एक स्थानक म्हणून, अथवा अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील वाहतुकीच्या नित्य कोंडीचे ठिकाण म्हणून परिचित आहे. परंतु त्या रस्त्याच्या मागे, खैरानी रोडच्या दोन्ही अंगांस, गाळ्याला गाळा लागून पसरलेल्या कारखान्यांच्या आणि त्यांच्या पोटमाळ्यांवर संसार थाटलेल्या कुटुंबांच्या वस्तीत ज्या थोड्या सार्वजनिक अभ्यासिका तग धरून आहेत, त्यांपैकी एकीच्या विश्वस्त मंडळावर मी काम करतो, आणि आमच्या संगणकांवर विंडोज ठेवावी की लिनक्स घालावी, हा जो निर्णय आम्हांस करावा लागला त्याची कैफियत आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माहिती तंत्रज्ञानाचे खाते आणि या उपनगर जिल्ह्याचे पालकत्व अशा दोन्ही जबाबदाऱ्या आपल्याकडे असल्यामुळे ही कैफियत अन्यत्र नेण्याचे प्रयोजन उरत नाही. पत्र खुले ठेवले आहे, कारण मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या किती तरी शाळा, वाचनालये आणि लहान कार्यालये आज याच विवंचनेत आहेत.

विवंचनेचे मूळ असे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज १० या प्रणालीस दिली जाणारी सुरक्षा-दुरुस्तीची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. स्वतंत्र नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस आणखी एका वर्षाची मुदत मिळाली खरी, पण मुदतीने प्रश्न लांबतो, सुटत नाही. सेवा बंद झाली म्हणून संगणक त्या दिवशी थांबत नाही, तो पूर्ववत चालत राहतो, आणि नेमके यामुळेच या गोष्टीचे गांभीर्य सामान्य माणसाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः प्रणालीत नित्य नव्याने आढळणारे दोष दुरुस्त करणारा कोणी उरला नाही, म्हणजे त्या दोषांचा लाभ घेऊन आत शिरणाऱ्यास अटकाव करणाराही कोणी उरत नाही. या प्रकाराची झळ आपल्या राज्याने सोसलेली आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या संगणकीय हल्ल्याने जगभरच्या विंडोज संगणकांत जो संचार केला, त्यात खाडीपलीकडील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. अभ्यासिकेतल्या संगणकावर बंदराचा व्यवहार चालत नाही, हे मान्य. तथापि त्यावर आमची मुले आपला आधार क्रमांक, आपल्या गुणपत्रिका आणि आपल्या पालकांच्या उत्पन्नाचे दाखले शासनाच्या संकेतस्थळांवर चढवीत असतात, आणि त्यांच्या लेखी ते दप्तर बंदराच्या दप्तराहून कमी मोलाचे नाही.

विंडोज ११ घ्यावी, तर तिच्या शर्ती आमची यंत्रे पुऱ्या करू शकत नाहीत. टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि इंटेलच्या आठव्या पिढीचा वा तत्सम नवा प्रोसेसर तिला लागतो. म्हणजे सुमारे २०१७-१८ च्या पूर्वी बनलेले बहुतेक संगणक, ते कितीही सुस्थितीत असले तरी, कंपनीच्या लेखी बाद ठरतात. आमचे संगणक एका कार्यालयाने देणगीदाखल दिलेले, त्याहून जुने. त्यांचे पडदे स्वच्छ आहेत, कळफलक शाबूत आहेत, आणि एखादा अर्ज भरणे, एखादे पत्र टंकलिखित करणे, गणिताचे एखादे व्याख्यान ऐकणे यांसाठी जेवढे सामर्थ्य लागते तेवढे त्यांच्यात अजून भरपूर आहे. अशा यंत्रांस निवृत्त करावे किंवा कसे, हा प्रश्न अन्य कोठे केवळ जमाखर्चाचा असेल. साकीनाक्यात तो तेवढाच राहत नाही.

कारण, महोदय, शहराने निवृत्त केलेली यंत्रे अखेर येतात ती आमच्याकडे. साकीनाका आणि कुर्ला ही मुंबईतील इलेक्ट्रॉनिक भंगाराची जुनी ठाणी आहेत. नरिमन पॉइंटच्या कचेरीतून, अंधेरीच्या कॉल सेंटरातून, वांद्र्याच्या बँकेतून उतरलेला संगणक हातगाडीवरून वा टेम्पोतून या गल्ल्यांत येतो, तेव्हा त्याचे कवच हातोडीने फोडले जाते, तारांवरील वेष्टन जाळून आतले तांबे काढले जाते, सर्किटच्या पट्ट्यांवरील सोन्याचा सूक्ष्म मुलामा मिळविण्यासाठी आम्लाचा उपयोग होतो, आणि जुन्या जोडणीतील शिसे, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांतील पारा हे सारे त्या कामकऱ्यांच्या हातांस, श्वासांस आणि शेवटी वस्तीलगत वाहणाऱ्या मिठी नदीस अर्पण होते. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर नोंदणीकृत पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु जे यंत्र आणखी पाच वर्षे कामास येऊ शकते त्याचे उत्तमोत्तम पुनर्चक्रणदेखील ते यंत्र वापरत राहण्याची बरोबरी करू शकत नाही. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज वर्तविला होता की, विंडोज १० चा आधार संपल्यामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेस लागू शकतील. ही संख्या इतर नगरांतल्या वाचकांस केवळ संख्या वाटेल. आम्ही ती वाचतो तेव्हा तिच्यातील किती गाड्या खैरानी रोडवर रिकाम्या होतील, हा विचार आधी मनात येतो.

तेव्हा अभ्यासिकेपुढे मार्ग कोणते होते? नवे संगणक घेण्याइतका निधी आमच्या गंगाजळीत नाही, म्हणून तो मार्ग बोलण्यापुरताच. दुसरा मार्ग आमच्या भागात इतका रुळला आहे की तो गैर आहे याचीही कोणास आठवण होत नाही: कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यास काहीशे रुपये दिले की तो संगणक ‘फॉरमॅट मारून’ हवी ती विंडोज, हवे ते ऑफिस आणि वर चित्रांची व छपाईची महागडी आज्ञावलीही घालून देतो, आणि कंपनीच्या शर्ती चुकविण्याच्या युक्त्याही त्यास अवगत असतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ याच्या कलम ६३ब अन्वये संगणकीय आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा कारावासास पात्र अपराध आहे. धंद्यासाठी वा लाभासाठी वापर नसेल तर न्यायालयास शिक्षा सौम्य करण्याची मुभा आहे, हेही मी जाणतो. परंतु ज्या खोलीत पोलीस भरतीची, तलाठी पदाची आणि न्यायालयीन लिपिकाची तयारी करणारी मुले बसतात, त्या खोलीतील प्रत्येक संगणक चोरीच्या प्रतीवर चालावा, आणि त्याच संगणकावर त्यांनी राज्यघटनेची कलमे वाचावीत, ही गोष्ट विश्वस्त म्हणून मला सहन होण्यासारखी नव्हती. शिवाय अशा प्रतींबरोबर आणखी काय आत येते याची शाश्वती देणारा कोणी नसतो.

उरला तो मार्ग लिनक्सचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणाली घडविण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रणालीचा गाभा जगास खुला केला. या दोन प्रयत्नांच्या संगमातून जे निष्पन्न झाले ते आज जगातील बहुसंख्य सर्व्हर चालवीत आहे, आणि त्यातील टोरवाल्ड्स यांचा गाभा, अँड्रॉइडच्या रूपाने, आमच्या वस्तीतील जवळजवळ प्रत्येक खिशातला भ्रमणध्वनी चालवीत आहे. लोक त्याची थोरवी त्याच्या विनामूल्य असण्यात पाहतात. मला ती त्याच्या हक्काच्या स्वरूपात दिसते, आणि ते स्वरूप साकीनाक्यातल्या माणसास समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. पागडीच्या गाळ्यात आयुष्य काढलेल्या कारागिरास ठाऊक असते की, भरभक्कम रक्कम मोजून, भिंती रंगवून, वीज घेऊन, पिढ्यान् पिढ्या वहिवाट केली तरी मालकी दुसऱ्याची राहते, आणि दुरुस्तीस भिंत फोडायची तरी त्याची मंजुरी लागते. विंडोजचा परवाना हा याच जातीचा करार आहे. लिनक्सच्या करारात मात्र वापरण्याचा, आतील रचना पाहण्याचा, तीत बदल करण्याचा आणि बदललेली प्रत शेजाऱ्यास देण्याचा हक्क लेखी मिळतो. आणि ज्या जीपीएल करारान्वये लिनक्सचा गाभा खुला आहे, त्याची शर्त अशी की, त्यात केलेल्या सुधारणांसह तो पुढे वाटणाऱ्याने पुढच्यासही तोच हक्क द्यावा.

हे सारे परदेशातून आयात झालेले आहे, असा आपल्या सल्लागारांचा समज असल्यास तो दूर करणे मला अगत्याचे वाटते. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटावी म्हणून या शतकाच्या आरंभी ज्यांनी परिश्रम केले, त्यांत आपल्याच उपनगरातील, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. त्या केंद्रातील इंडिक्स प्रकल्प आणि इंडलिनक्स नावाने एकत्र आलेले स्वयंसेवक यांनी तो पाया घातला. रेड हॅट या लिनक्स-कंपनीच्या पुण्यातील कचेरीत लोहित ही अक्षरमाला जोपासली गेली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली झाली. मुंबईच्या एक टाइप या अक्षर-रचनाकारांच्या गटाने केलेला मुक्त हा सुबक टंकही त्याच रीतीने कोणासही उपलब्ध आहे. आणि साकीनाक्यापासून काही किलोमीटरांवर, पवईच्या आयआयटीत, केंद्र शासनाच्या निधीतून उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प लिनक्सपासून लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन आज्ञावलीपर्यंतचे धडे मराठीत ध्वनिमुद्रित करून विनामूल्य देतो. पवईचा तो धडा खैरानी रोडवर पोहोचण्यास इतकी वर्षे का लागली, याचा विचार मी पुष्कळ केला, आणि त्याच विचाराने मला या पत्राच्या मूळ मुद्द्याशी आणून सोडले. पण त्यापूर्वी दोन गोष्टी सांगितल्याखेरीज माझी बाजू प्रामाणिक ठरणार नाही.

पहिली ही की, असा बदल यशस्वी होऊ शकतो, आणि आपल्याच देशात झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू या लिनक्स प्रणालीचा अंगीकार केला, न्यायाधीशांस आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांस तिचे रीतसर शिक्षण दिले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी जी सीआयएस ही आज्ञावली तिच्यावर चालते ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने घडविली. कारकून, बेलीफ, लघुलेखक अशी जी मंडळी संगणकाशी जन्मतः सख्य असणारी नव्हेत, त्यांनी हा बदल पचविला. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूच्या आधारावर घडविलेली माया ही प्रणाली आपल्या संगणकांवर आणण्याचे ठरविले. आणि रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली, जगभर गाजलेल्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला तेव्हा त्या मुलांच्या हातांतील हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत लिनक्सच होती. ती योजना पुढे फोफावली नाही, त्याची कारणे वेगळी आहेत. पण वाडीतल्या लेकरांस ती प्रणाली अवघड गेली, असे तिच्या टीकाकारांनीही म्हटलेले मी ऐकले नाही.

दुसरी गोष्ट अशी की, हा बदल फसूही शकतो. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा ठराव केला, दहा वर्षे खपून २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक तिच्यावर आणले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्या माघारीचे अर्थ अनेकांनी अनेक परींनी लावले, राजकारणाचाही त्यात वाटा होता. मला त्यातून दिसले ते हे की, एकटी नगरपालिका आपली प्रणाली बदलते, परंतु तिच्याशी पत्रव्यवहार करणारे बाकीचे सारे जग, तिला लागणाऱ्या खास आज्ञावल्या आणि तिच्याकडे येणारे दस्तऐवज जुन्याच प्रणालीस बांधलेले राहतात, तेव्हा त्या घर्षणात तिची शक्ती दिवसेंदिवस झिजत जाते. म्युनिकसारख्या संपन्न नगरीची जेथे ही गत, तेथे साकीनाक्याच्या अभ्यासिकेने कोणत्या बळावर उभे राहावे?

आमच्या प्रयोगाचा वृत्तान्त याच्याशी जुळणाराच आहे. लिनक्सची एक मोठी सोय अशी की, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, आतील विंडोजला धक्का न लावता, ती आधी चालवून पाहता येते. आम्ही तसेच केले, आणि हलक्या मांडणीची एक आवृत्ती निवडल्यावर, विंडोज १० खाली धापा टाकणारी ती जुनी यंत्रे विनातक्रार चालू लागली. युनिकोडमधील मराठी कोणत्याही खटाटोपाशिवाय वाचता आली, आणि इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीत आधीपासूनच असल्याने लिहितानाही अडचण पडली नाही. अडले ते अन्यत्र. आमच्या भागातल्या दुकानादुकानांत आढळणाऱ्या एका लहान लेझर छपाईयंत्राने सहकार्य करण्यास बराच काळ नकार दिला. कोणी जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत तयार केलेली जाहिरात वा निमंत्रणपत्रिका आणली की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. अर्थात तो टंक नसलेल्या विंडोजवरही हेच घडते, पण दोष लिनक्सच्या माथी बसतो. वर्ड या आज्ञावलीत केलेला एखादा शासकीय नमुना लिबरऑफिसमध्ये उघडला की त्यातील तक्त्यांच्या रेषा जागा सोडत.

येथे मला एक स्पष्ट मत नोंदवावयाचे आहे, आणि ते लिनक्सच्या काही कैवाऱ्यांस रुचणार नाही. ज्या गाळ्यात टॅलीवर हिशेब ठेवले जातात, कोरलड्रॉवर आखणी करून लेझर यंत्राने पत्रा वा अक्रिलिक कापले जाते, अथवा एखाद्या परदेशी यंत्राबरोबर आलेली आज्ञावली केवळ विंडोजवरच चालते, त्या गाळ्याच्या मालकास मी आज बदल करण्याचा सल्ला देणार नाही. त्याची रोजी त्या आज्ञावलीवर आहे, आणि तत्त्वासाठी त्याने एका दिवसाचे काम गमवावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. बदल शोभतो आणि साधतो तो शाळांस, वाचनालयांस, अभ्यासिकांस, प्रभाग कार्यालयांतील चौकशीच्या खिडक्यांस आणि पत्रे, वाचन व इंटरनेट यांपलीकडे गरज नसणाऱ्या घरांस. आणि अशा संगणकांची संख्या या उपनगरांत थोडीथोडकी नाही.

परंतु छपाईयंत्र असो की तक्त्यांच्या रेषा, या अडचणी आम्ही हळूहळू निस्तरल्या. ज्या अडचणीपुढे आमचा इलाज चालला नाही, ती एका विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात एका वाक्यात सांगितली. नव्या पडद्यावर दिलेले काम तिने सुरेख पुरे केले, आणि मग विचारले, “सर, हे सगळं येईल मला, पण परीक्षेला हे असणार आहे का?”

नसणार, महोदय. आणि हाच माझ्या कैफियतीचा गाभा आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीतील बऱ्याच पदांची इच्छा धरणाऱ्या तरुणास एमएस-सीआयटी वा समकक्ष संगणक अर्हता लागते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ च्या सुमारास सुरू केलेल्या या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांत संगणक नेला, त्याचे ऋण मी मुक्तकंठाने मान्य करतो. पण त्याचा सारा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवर राहिला आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटास ३० शब्दांच्या गतीची जी मराठी टंकलेखन परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, तीतही गतीच्या उताऱ्याबरोबर पत्र आणि तक्ता करावयाचे असतात, आणि तेही त्याच कंपनीच्या वातावरणात. येणेप्रमाणे एका खासगी कंपनीच्या उत्पादनाचे ज्ञान ही शासकीय सेवेची जणू प्रवेशशर्त होऊन बसली आहे. कोणी तसा हुकूम काढला नसेल, कोणाच्या मनात तसा हेतूही नसेल, शिरस्ता मात्र पडून गेला आहे. परीक्षेला विंडोज म्हणून वर्गात विंडोज, वर्गात विंडोज म्हणून घरी विंडोज, आणि घरी परवाना परवडत नाही म्हणून चोरीची प्रत: ही साखळी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने जोडलेली नाही, तिची पहिली कडी मंत्रालयात आहे. पवईचे मराठी धडे आमच्या मुलांपर्यंत का पोहोचले नाहीत, याचे उत्तरही मला येथेच सापडते. ज्या ज्ञानास परीक्षेत स्थान नाही, ते ज्ञान घेण्याइतकी उसंत गरिबाच्या मुलास नसते.

केरळने ही कडी ओळखली. तेथील शालेय संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेण्यात आले, आणि त्यामुळे सुमारे ३,००० कोटी रुपयांची बचत झाल्याचे ते शासन सांगते. त्या आकड्याची छाननी अर्थशास्त्रज्ञांनी करावी. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, केरळने दहावीची संगणक परीक्षाच मुक्त प्रणालीवर घेण्यास आरंभ केला, आणि परीक्षेबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पाठ्यपुस्तकेही मुक्त प्रणालीवर आली.

हा प्रश्न गरिबांच्या अभ्यासिकेपुरता आहे असेही आपण समजू नये. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियाविरुद्धचे नवे निर्बंध जाहीर केल्यानंतर, गुजरातेतील वाडिनार येथे वर्षास दोन कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या आणि मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीची ई-मेल व इतर सेवा मायक्रोसॉफ्टने काही दिवस खंडित केली. कंपनीस दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, आणि त्यानंतर ती सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य की अयोग्य, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. भारतीय कायद्याचा कोणताही भंग नसताना, भारतातील एका प्रचंड उद्योगाचे दैनंदिन दप्तर परदेशातील निर्णयाने एकाएकी कुलूपबंद होऊ शकते, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले. ज्या शासनाच्या सातबाऱ्यापासून शिधापत्रिकेपर्यंतचा व्यवहार आता संगणकांवर आला आहे, त्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी त्या घटनेची टिपणी आपल्या मेजावर ठेवली असेल, असा मला विश्वास आहे.

आता मागणी. उद्यापासून सर्व कचेऱ्यांत लिनक्स, असे फर्मान आपण काढावे, ही माझी मागणी नाही; तसे फर्मान निघाल्यास म्युनिकची पुनरावृत्ती होईल, आणि एका कंपनीची सक्ती जाऊन तिच्या जागी शासनाची सक्ती येईल. आम्हांस हवी आहे ती मुभा. एमएस-सीआयटी आणि टंकलेखन या परीक्षांचे नियम अशा रीतीने लिहिले जावेत की, पत्र लिहिणे, तक्ता करणे, मराठी टंकलेखन करणे या कौशल्यांची कसोटी लागेल, आणि ते कौशल्य कोणत्या प्रणालीवर दाखवावे याची निवड उमेदवाराकडे राहील. परीक्षा केंद्रांनी दोन्ही प्रकारचे संगणक ठेवावेत. शासकीय अर्ज आणि नमुने कोणत्याही प्रणालीवर सारखेच उघडतील अशा खुल्या मानकांत प्रसृत व्हावेत. ओडीएफ हे दस्तऐवजाचे खुले मानक २००६ सालीच आंतरराष्ट्रीय मान्यता पावले, केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्त स्रोत आज्ञावलीच्या अंगीकाराचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. तेव्हा नव्या धोरणाची आवश्यकता नाही, असलेल्या धोरणाच्या अंमलबजावणीत जी दिरंगाई झाली ती थांबावी, एवढेच. युनिकोडचा आग्रह शासनाने स्वतःच धरलेला असताना, जुन्या टंकांतले परिपत्रक अद्याप एखाद्या कार्यालयातून येते, त्याचाही बंदोबस्त व्हावा.

आणि एक तजवीज मी पालकमंत्री या नात्याने आपल्याकडे मागतो. या जिल्ह्यातील शासकीय, निमशासकीय आणि महापालिकेची कार्यालये विंडोज ११ साठी अपात्र ठरलेले जे संगणक आता मोडीत काढतील, त्यांची आधी तपासणी व्हावी. जे चालू स्थितीत असतील त्यांतील शासकीय माहिती पूर्णपणे पुसून, त्यांवर मराठी सुविधेसह लिनक्स घालून, ते अभ्यासिकांस आणि शाळांस मागणीनुसार द्यावेत. मोडीच्या मालाच्या लिलावाचे जे नियम आहेत त्यांत यासाठी एका कलमाची भर घालावी लागेल, आणि लिलावातून येणारी थोडी रक्कम सोडावी लागेल. आमच्या गल्ल्यांतील दुरुस्तीवाल्या मुलांचे हात या कामात निष्णात आहेत. त्यांस या कामी रीतसर पारिश्रमिक देऊन लावले, तर जे हात आज प्रती चोरण्याच्या युक्त्या करतात आणि जे हात पलीकडच्या गाळ्यात आम्लाच्या भांड्यात बुडतात, त्यांपैकी काहींस तरी सन्मानाचा आणि सुरक्षित उद्योग लाभेल.

आमच्या विश्वस्त मंडळाने यथावकाश, थोड्या मतभेदानंतर, निर्णय केला आहे. अभ्यासिकेतील संगणक लिनक्सवर आणले आहेत आणि पवईचे मराठी धडे त्यांवर उतरवून ठेवले आहेत. दोन संगणक मात्र यातून वगळले. वर्गणी काढून त्यांच्या जागी विंडोज ११ ला पात्र अशी वापरलेली यंत्रे घेतली, त्यांवर विंडोजचा रीतसर परवाना आहे, आणि टंकलेखनाच्या व एमएस-सीआयटीच्या परीक्षार्थींनी ते आळीपाळीने वापरावेत, असा नियम केला आहे. सायंकाळी त्या दोन संगणकांपुढे रांग लागते आणि बाकीच्यांपुढे जागा रिकामी असते. परीक्षा परिषदेच्या आणि ज्ञान महामंडळाच्या पुढील परिपत्रकांत प्रणालीच्या निवडीचे कलम यावे, यासाठी आपण आपल्या अधिकारात सूचना द्याव्यात, आणि मोडीत निघणाऱ्या संगणकांच्या प्रस्तावावर जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत विचार करावा, ही विनंती. प्रस्तावाचा सविस्तर मसुदा आम्ही वांद्रे येथील जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतंत्रपणे दाखल करीत आहोत.



आपला नम्र,
साकीनाक्यातील एका सार्वजनिक अभ्यासिकेचा विश्वस्त
साकीनाका, मुंबई ४०००७२